बैलबाजारामागची भाजी

बागेची कल्पना माझी होती, हे आधीच सांगून टाकते. पुढे जरा बरं चाललं तेव्हा गावात ज्यानं त्यानं ती आपली म्हणून सांगितली, आणि बिनसलं तेव्हा सगळ्यांना बरोबर आठवलं की हे खूळ शाळेतल्या बाईंचं. त्या बाई म्हणजे मी.

नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. एस.टी. थांबा, सरकारी दवाखाना, मुलींची शाळा आणि आठवड्याचा बाजार एवढं असल्यामुळे आजूबाजूच्या वाड्यावस्त्या त्याला शहरच समजत. माझे यजमान एस.टी.त कंडक्टर होते आणि मी तिसरीच्या वर्गावर शिकवत होते. एकाहत्तरच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगी होती, ऊसतोडणीला जाणाऱ्या घरातली. हुशार, पाढे घडाघडा म्हणणारी. पण आभाळ भरून आलं आणि वर्गात जरा अंधारलं की तिचं लिहिणं थांबायचं. शाळा सुटल्यावर ती भिंतीला हात लावत लावत चालायची. मला वाटलं, खेळ करते. एक दिवस ती दारातल्या बादलीवर धडकून पडली, तेव्हा मी तिला धरून सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तिच्या पापण्या वर करून पाहिल्या. "रातांधळेपणा आहे," ते म्हणाले. "हिरवी पालेभाजी द्या, गाजर द्या. दूध मिळालं तर उत्तम."

"औषध?"

"औषध आलं की देईन. भाजी तोवर कोणी अडवलीय?"

भाजी अडवणारं कोणी नव्हतं, पण आणणारंही कोणी नव्हतं. आमच्याकडे भाजी यायची ती बाजाराच्या दिवशी, राहात्याकडच्या कालव्याच्या भागातून, ट्रकवर लादून. दुपारपर्यंत ती माना टाकायची आणि दुसऱ्या दिवशी गावात औषधालाही हिरवं पान मिळत नसे. त्या मुलीच्या घरी तर भाकरी, चटणी आणि कधी तरी डाळीचं पाणी. मी वर्गातल्या पोरींच्या तोंडांकडे नीट पाहायला लागले. कितीजणींच्या ओठांचे कोपरे चिरलेले होते. एवढे दिवस मला ते दिसलं कसं नाही, कोण जाणे.

गावाच्या कडेला बैलबाजार भरायचा. त्याच्या मागे पंचायतीची मोकळी जागा पडून होती. शेजारी विहीर आणि जनावरांना पाणी पाजायचा दगडी हौद. हौदातून ओसंडलेलं पाणी त्या जागेत मुरायचं आणि तिथे गवत कायम हिरवं असायचं. मला वाटलं, गवत येतं तर मेथी का नाही येणार? गल्लीतल्या बायकांनी मिळून वाफे करावेत, आळीपाळीनं पाणी घालावं, आणि ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे आधी भाजी जावी. केवढी सोपी गोष्ट!

जागा मिळवायची तर महिला मंडळाच्या काकूंना मध्ये घेणं भाग होतं. काकू आडत दुकानदाराच्या पत्नी, मंडळाच्या अध्यक्ष, आणि गावातल्या कुठल्याही पुढाऱ्याला अरे-तुरे करू शकणाऱ्या एकमेव बाई. त्यांनी ऐकलं आणि दोन दिवसांत जागा मिळवून दिली. हे त्यांचं श्रेय मी कधीच नाकारलं नाही. मात्र त्यांनी लगेच नारळ फोडायचा कार्यक्रम ठरवला, फोटोवाला बोलावला आणि फोटोत कोण कुठे उभं राहणार यावर मंडळात जी भांडणं लागली, ती पहिला वाफा खणला जाण्याच्या आधीची.

दुसरे आले ते मास्तर. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, चर्चजवळ एका खोलीत एकटे राहणारे. त्यांच्या खोलीमागे हातभर जागा होती आणि तिथे दुधी, घेवडा, पालक असं काय काय झुलायचं. मी त्यांना विचारायला गेले तर म्हणाले, "येईन. पण माझी एक अट आहे. पिशवीतलं खत त्या जमिनीला लागता कामा नये. शेण, पाचोळा, राख, घरातला ओला कचरा. जमीन खाते आणि मग खायला देते. तिला पावडरी चाटवायच्या नाहीत."

सेंद्रिय हा शब्द तेव्हा आमच्या कानांवरूनही गेला नव्हता. उलट पिशवीतलं खत नवीन होतं, सरकारी माणसं त्याचे गाडीभर गुण गात होती, आणि शेणखत म्हणजे ज्यांना परवडत नाही त्यांचं काम. मला त्यातलं काही कळत नव्हतं. शेण फुकट मिळणार होतं, बैलबाजार समोरच होता, म्हणून मी हो म्हटलं.

तिसरी आली ती त्या मुलीची आई. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला बाई. नारळ फोडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जागेवर कोण आलं होतं? मी, मास्तर आणि ती. फोटोतल्या बाकीच्या बायकांना कामं निघाली होती. वहिनीनं पदर खोचला आणि कुदळ उचलली. दगडगोटे, बाभळीची मुळं, फुटकी खापरं, सगळं तिनं उपसलं. संबंध श्रावण-भाद्रपद ती सकाळी मजुरीला जायच्या आधी यायची. बाजार उठला की आम्ही तिघं पाट्या घेऊन शेण गोळा करायचो. मी शिकवत असलेल्या पोरी रस्त्यावरून जाताना तोंडावर हात ठेवून हसायच्या. "बाई शेण वेचतात!" घरी हे म्हणायचे, "माझ्या गाडीतले पॅसेंजर विचारतात, तुमच्या मंडळींची नोकरी गेली का?"

खत मुरवायला मास्तरांनी मोठा खड्डा खणून घेतला. घरोघरचा ओला कचरा त्यात यायचा. आणि तिथेच पहिला तमाशा झाला. काकूंना एक दिवस खड्ड्यात कोंबडीची हाडं दिसली.

"हे कोणी टाकलं?"

"मी," मास्तर म्हणाले. "रविवारचं आहे."

"अहो, यावर उगवलेली भाजी आम्ही देवापुढे ठेवायची?"

"हाडाची माती होते, बाई. मातीला काही ती कुणाची ते सांगता येत नाही."

"तुम्हाला नसेल सांगता येत. आम्हाला येतं."

त्यावर बैठक बसली. बायका कामाला येत नव्हत्या, पण बैठकीला झाडून सगळ्या आल्या. शेवटी दोन खड्डे करायचं ठरलं, एक शाकाहारी आणि एक मांसाहारी. मग मेथीला कुठल्या खड्ड्यातलं घालायचं आणि वांग्याला कुठल्या, यावर आणखी एक बैठक गेली. बाहेर पडल्यावर मास्तर मला म्हणाले, "दुसरा खड्डा खणायला कोण येणार, हे विचारलंत का?" कोणीच आलं नाही. वहिनीनं आणि मी खणला.

दसऱ्याच्या सुमाराला वाफे पेरले. प्रत्येक घराला एक वाफा. वहिनीचा हौदाजवळचा, सगळ्यात ओला. मेथी दोन पानांवर आली, पालक फुटला, गाजराची पिसासारखी पानं दिसायला लागली. आणि दिवाळी संपते न संपते तोच तोडणीच्या टोळीला राहात्याकडच्या कारखान्यावर नेणारा ट्रक गावात येऊन उभा राहिला.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. दर वर्षी दिवाळीनंतर माझ्या वर्गातले बाक रिकामे व्हायचे. पण बागेच्या उत्साहात मी ही दोन गणितं एकमेकांशेजारी ठेवलीच नव्हती. आमच्याकडे पालेभाजी येते थंडीत, आणि थंडीत तोडणीची माणसं गावात नसतात. ज्या मुलीसाठी हा सगळा उद्योग मांडला, ती ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्यावर बसून निघाली होती.

"कधी याल परत?" मी वहिनीला विचारलं.

"कारखान्याचा पट्टा पडला की. चैत लागंल." गाळप संपलं की पट्टा पडला म्हणतात. "बाई, माझ्या वाफ्यावर ध्यान ठिवा बरं. लई ग्वाड माती हाय ती."

"तिथे पोरीला भाजी खायला घाला."

ती हसली. "तिथं कुटली भाजी? उसाचं वाडं हाय, पर ते बैल खात्यात."

त्या हिवाळ्यात बागेला असा काही बहर आला की बघायला माणसं यायची. पालकाची पानं तळहाताएवढी. गाजरं उपटली की मातीचा गोड वास. मास्तर वाफ्यांमधून हात पाठीमागे बांधून फिरायचे आणि तेव्हा मात्र नेमानं येणाऱ्या बायकांना पाटीभर उपदेश करायचे. भाजी काढायला सगळ्या येत होत्या! काकू जुड्या बांधून पाठवायच्या. डॉक्टरांच्या घरी, सरपंचांच्या घरी, आडत्यांच्या घरी, नगरहून कोणी साहेब आले तर त्यांच्या जीपमध्ये. मी म्हटलं, "काकू, ठरलं होतं लहान मुलांच्या घरी आधी."

"अहो, त्यांनाही मुलं आहेतच की."

वहिनीचा वाफा भरून आला होता. काकूंनी तो खुडून नेला. मी चिडले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "ती नाही इथं. मग काय मेथी फुलावर जाऊ द्यायची? वाळवून भिंतीला लावायची?" त्या चूक नव्हत्या. मला राग येत होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. मी शाळेत पोरींवर ओरडायला लागले. ह्यांनी एकदा विचारलंसुद्धा, "भाजी खाऊन माणूस इतकं तापट होतं का?"

चैत्रात टोळी परत आली. वहिनी सरळ बागेत आली. उन्हानं जमीन भेगाळली होती आणि तिच्या वाफ्यात वाळक्या काड्या उभ्या होत्या. तिनं चिमूटभर माती उचलून चुरगाळली. मागे उभ्या असलेल्या मुलीच्या गालाची हाडं वर आली होती. कडुसं पडायच्या, नीट अंधारायच्या आतच ती आईचा पदर धरायला लागली होती.

"चांगली आलती का मेथी?" वहिनीनं विचारलं.

"चांगली आली होती," मी म्हटलं.

त्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही. आधीच्या वर्षीही तो बेताचाच होता. बाहत्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना मी काय सांगू, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून काय कळणार? आमच्या बागेपुरतं सांगते. आधी बैलबाजार मोडला. जनावरं मिळेल त्या भावानं गेली आणि मग विकायलाही राहिली नाहीत. जनावरं गेली तसं शेण गेलं. हौद कोरडा पडला. विहिरीला कुंपण घालून पहारा बसवला, आणि घागरींची रांग आमच्या वाफ्यांच्या कडेनं लागायला लागली.

आणि नेमकी त्याच वर्षी वहिनी गावात होती! दुष्काळी कामं निघाली होती, रस्त्याला खडी फोडायची. तिच्या घरानं तोडणीला न जाता तीच धरली. म्हणजे हिवाळा येईल आणि ती इथेच असेल. मला कसली जिद्द चढली होती. निदान तिचा वाफा तरी पिकवायचाच. मास्तरांनी मार्ग काढला. प्रत्येक घरानं भांडी विसळलेलं आणि आंघोळीचं पाणी साठवायचं आणि एक बादली वाफ्याला आणून घालायची. भांडी राखेनं घासलेली असावीत, साबणाची नकोत. काही घरं आणायची, काही नाही. काही बादलीच्या तळाशी चूळभर पाणी आणून पाळी झाली म्हणायची. ज्या आणत नव्हत्या त्यांच्याशी भांडायचीही सोय नव्हती, कारण त्यांच्या घरी खरंच पाणी नसेल तर?

एक दिवस मी बादली ओतत होते. रांगेतली एक म्हातारी ओरडली, "माणसाला प्यायला न्हाई आन मेथीला पानी घालतीय!"

"आजी, सांडपाणी आहे हो हे."

"सांडायला तरी हाय तुमच्याकडं."

सगळी रांग माझ्याकडे पाहत होती. त्यात माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया होत्या. मी बादली पालथी घातली आणि घरी आले. दोन दिवस बागेत गेले नाही. वहिनीच खडीवरून आल्यावर, हाताला फोड आलेले असताना, आमच्या मोरीतलं पाणी घेऊन जायची.

तरीही थोडा राजगिरा आला. पिवळट, रोडका, पण आला. आणि मग काकूंना मदत करावीशी वाटली. त्यांच्या दिराचं खताचं दुकान होतं. त्या डबाभर युरिया घेऊन आल्या आणि कोणाला न विचारता वाफ्यांवर शिंपडून गेल्या. त्यांना खरंच चांगलं करायचं होतं, हेच तर मला आजही सहन होत नाही. ओल नसलेल्या जमिनीत ते मिठासारखे दाणे. दोन-तीन दिवसांत पानांच्या कडा करपल्या, मग रोपं आडवी झाली.

"म्हटलं, पटकन वाढतील," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मास्तरांनी आपलं खुरपं उचललं, धोतराला पुसलं आणि निघून गेले. मी मागे धावले. "मास्तर, सगळ्यांनी थोडंच केलंय? माझ्याकडे बघून तरी थांबा."

"माझी एक अट होती," ते म्हणाले. "एकच."

त्यांचाही मला राग आला. अटी घालणारी माणसं अटी मोडल्या की सुटतात. आम्ही कुठे जाणार होतो?

त्याच सुमारास शाळेत नर्सबाई आल्या. त्यांच्याजवळ औषधाची बाटली होती. त्यांनी पोरींना ओळीनं उभं करून एकेक चमचा तेलकट औषध तोंडात घातलं आणि पुढच्या गावाला गेल्या. काही दिवसांनी ती मुलगी संध्याकाळी माझ्या दारावरून पळत गेली. पळत! मी हाक मारली तर वळून सरळ माझ्याकडे पाहून हसली. मला आनंद झाला. आणि रात्री भाकरी थापताना एकदम असा संताप आला की परातीतलं पीठ सांडलं. दीड वर्षं शेण वेचलं, भांडणं केली, लोकांचे टोमणे खाल्ले. एक चमचा! डॉक्टर म्हणाले होते, औषध आलं की देईन. ते आलं, एवढंच. हे जेवायला बसले होते. म्हणाले, "पोरीला दिसतंय ना? मग?"

मी ते मास्तरांना सांगायला गेले. मला वाटलं, आता बाग सोडून द्यायला ते मला मोकळीक देतील. ते पुस्तक वाचत होते. वर न पाहता म्हणाले, "छान झालं. पुढचा चमचा कधी येणार आहे?"

"त्याचं नर्सबाई काही बोलल्या नाहीत."

"मग पाऊस पडला की वाफे उकरू," ते म्हणाले. म्हणजे ते परत येणार होते. खुरपं घेऊन निघून गेलेला माणूस असा परत येतो, माफी नाही, काही नाही, जणू मीच मध्ये कुठे गेले होते.

पुढच्या वर्षी पाऊस पडला. मंडळात आता शिवणयंत्रं आली होती आणि काकूंचं लक्ष तिकडे लागलं होतं. बागेत आम्ही पुन्हा तिघंच. जनावरं अजून आली नव्हती म्हणून शेण मिळेना. मास्तरांनी गावभर फिरून कडुनिंबाचा पाला, भुईमुगाची टरफलं, तेलाच्या घाण्यावरची पेंड असं काहीबाही जमवलं. आणि दिवाळीनंतर, ठरल्यासारखा, ट्रक आला.

या वेळी मी मंडळाच्या बैठकीत उभी राहिले. म्हटलं, वहिनीच्या वाफ्याला कोणी हात लावायचा नाही. तिची भाजी तिला पोहोचवायची.

"कुठे?" कोणी तरी विचारलं.

"राहात्याकडे. त्यांच्या कोप्यांवर."

बायका हसल्या. काकू मात्र हसल्या नाहीत. युरियाचं त्यांना लागून राहिलं असावं. म्हणाल्या, "जाऊ दे तिला. ऐकणार नाही ती."

संक्रांत झाल्यावर एका रविवारी मी मेथी आणि गाजरं काढली. ओल्या पोत्यात गुंडाळली. ह्यांनी नगरपर्यंत आपल्या गाडीत सीटखाली ठेवू दिलं, तेही पॅसेंजरांची बोलणी खात. नगरला गाडी बदलून राहात्याला. वाटेत दोन्ही बाजूंनी ऊस, पाटाला खळखळ पाणी. आमच्या घागरींच्या रांगा आठवून मला त्या पाण्याचाही राग आला. राहात्याला उतरून एका बैलगाडीत बसले आणि उरलेली वाट चालत, पोतं डोक्यावर घेऊन कोप्यांपाशी पोहोचले. उसाच्या पाचटाच्या त्या बसक्या झोपड्या, बाहेर चुली, उघडी पोरं, बांधलेले बैल.

आमच्या गावची टोळी तिथे नव्हती. चार दिवसांपूर्वी ती कोपरगावच्या बाजूला हलवली होती. नेमकी कुठे, ते कोणाला सांगता येईना. इथली माणसं बीडकडची होती. बाप्ये आणि बहुतेक बाया ऊस तोडायला फडात गेलेल्या. मागे राहिलेल्या दोन-तीन बायका माझ्याभोवती जमल्या.

"किती पैशाला जुडी?" एकीनं विचारलं.

"विकायची नाही. घ्या तुम्ही. पोरांना घाला."

त्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. "फुकट? फुकट कशापायी?" आणि मग दुसरी एकदम मागे सरकून म्हणाली, "कुटुंब नियोजनवाली हायेस का तू?"

"नाही हो, मी शिक्षिका आहे."

"मागं एक आलती, ती बी शाळंचंच नाव सांगत हुती."

मी काय काय सांगितलं त्यांना! आमची बाग, वाफा, वहिनी, डोळे. सांगता सांगता मलाच ते सगळं खोटं वाटायला लागलं. कोण बाई दुसऱ्याच्या वाफ्यातली भाजी डोक्यावर घेऊन दोन एस.ट्या बदलून येते? शेवटी पोरांनीच प्रश्न सोडवला. एकानं पोत्यात हात घालून गाजर ओढलं आणि मातीसकट कडकन चावलं. मग सगळी तुटून पडली. मेथी त्या बायकांनी घेतली, पण माझ्याकडे अजून संशयानं पाहतच. एकीनं मला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी दिलं. मी ते पिऊन रिकामं पोतं घडी करून निघाले.

घरी आल्यावर हे म्हणाले, "भाजी संपली ना? मग तोंड का असं?"

"ज्यांची होती त्यांना नाही मिळाली."

"पोरांनी खाल्ली ना?" ते असेच. गाडी कुठेही पोहोचली तरी यांच्या दृष्टीनं पोहोचली.

चैत्रात वहिनी आली. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती हळहळेल. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली आणि मग खळखळून हसली.

"बाई, तुमी तितं आलता? येड्या हाय का तुमी? सांच्याला कोपीत आलं की दोन भाकरी थापायचं बी जिवावर येतं. मेथी कवा निवडू, कवा शिजवू? आन अंधारात निवडायची कशी?"

"मग पोरीला कच्ची तरी दिली असतीस. गाजरं होती."

"तेवडं खरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "फुडच्या साली वाफा दुसऱ्या कुनाला तरी द्या, बाई. माज्या नावावर ठिवू नका. तुमी उगं सगळ्यांशी वाकड्यात शिरता."

तिनं ते माझी काळजी म्हणून म्हटलं. मला मात्र थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी खुरपणी करत राहिले. तीही माझ्याशेजारी बसून खुरपायला लागली, आणि आम्ही दोघींनी तिचा तो नकोसा वाफा संध्याकाळपर्यंत साफ केला.

पुढचा हिवाळा त्या वाफ्याला पाहायला मिळालाच नाही. उन्हाळ्यात पंचायतीनं ती जागा धान्याच्या गोदामासाठी घेतली. दुष्काळानंतर गोदाम हवं, याला कोण नाही म्हणणार? काकूंनी माझ्याकडून विरोधाचं निवेदन लिहून घेतलं, पंचायतीत नेलं, आणि परत येऊन सांगितलं की गोदामाच्या पायाभरणीला मंडळानं स्वागतगीत म्हणायचं ठरलं आहे. मी गीत बसवून दिलं नाही. एवढाच माझा निषेध.

पाया खणायला सुरुवात झाली त्या दिवशी शाळेतून येताना मी तिथे थांबले, तर मास्तर आधीच येऊन उभे होते. मजूर खणत होते आणि कंत्राटदार कपाळावर हात मारून घेत होता. आम्हाला ओळखून तो तरातरा पुढे आला.

"बाई, काय करून ठेवलंय तुम्ही या जमिनीचं? सगळी लोण्यासारखी झालीय. खाली घट्ट लागतच नाही. पाया धरायचा कसा? डबल खोदाई पडणार मला."

मी रागानं काही तरी बोलणार होते. पण शेजारी आवाज झाला म्हणून वळून पाहिलं. मास्तर हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसून हसून त्यांना ठसका लागला, तेव्हा कंत्राटदारच बिचारा त्यांच्यासाठी पाणी आणायला गेला.